पडद्याची वेशभूषा

संगणक सुरू केल्यावर जे प्रथम डोळ्यांपुढे येते, त्यालाच पुष्कळ लोक संगणक समजतात. खिडक्यांच्या कडा, बटणांचे आकार, फाईल आणि कचरापेटी यांची चिन्हे, अक्षरांचे वळण, मागचे पार्श्वचित्र, इतकेच काय पण बाणाच्या टोकाचा आकार, या सर्वांचा मिळून जो वेश तयार होतो त्याला थीम असे नाव आहे. यंत्राच्या आतील काम या वेशावर अवलंबून नसते. वेश बदलला म्हणून बेरीज बदलत नाही. परंतु दिवसाचे आठ-दहा तास ज्याला पडद्यासमोर काढावे लागतात, त्याच्या दृष्टीने वेश ही क्षुल्लक बाब राहत नाही.

एखादी कंपनी आपली कार्यप्रणाली विकते तेव्हा तिच्या पगारदार कलाकारांनी ठरविलेला वेश ग्राहक मुकाट्याने स्वीकारतो. मुक्तस्रोत कार्यप्रणालींची गोष्ट निराळी. डेबियन, उबुंटू, फेडोरा यांसारख्या लिनक्सवर आधारलेल्या प्रणालींचा मूळ आज्ञासंच सर्वांना खुला असतो. तो वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेला पुन्हा वाटताही येतो. साहजिकच पडद्याचे रूप घडविण्याचा मोह ज्याला होतो तो प्रत्येक जण कामाला लागतो. त्यात विद्यार्थी असतात, चित्रकार असतात, दिवसा दुसरीच नोकरी करून रात्री रंग जुळवीत बसणारे हौशी लोकही असतात. अशा कामाला तोटा कधीच पडत नाही. अडचण असते ती त्याची मोट बांधण्याची. शंभर माणसांनी शंभर ठिकाणी बसून केलेल्या कामातून एक सुसंगत, सुरक्षित आणि टिकाऊ रूप कसे निघावे? त्याहून अवघड म्हणजे, ज्यांना पगार नाही आणि ज्यांच्यावर हुकूम चालत नाही, त्यांना नियम पाळावेसे का वाटावेत?

या प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी क्षणभर संगणक बाजूस ठेवून एका शहराकडे पाहिलेले बरे. 1951 साली ल कॉर्बुझिए यांनी चंदीगडच्या आराखड्याचे काम हाती घेतले. सुमारे आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब अशा आयताकार सेक्टरांत शहर विभागले गेले. दीड लाख वस्तीचा पहिला टप्पा ज्या सेक्टरांनी पूर्ण व्हावयाचा होता, त्यांतील शेवटचा क्रमांक सेक्टर 30 चा. केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना ही राष्ट्रीय प्रयोगशाळा याच सेक्टरात आहे. या शहरात लहान भूखंडांवरील खासगी घरांसाठी चौकट-नियंत्रणाची एक पद्धत योजण्यात आली. दोन्ही बाजूंच्या भिंती, उंची आणि माथ्यावरची कड ठरलेली. फाटकाचा आणि कुंपणाच्या भिंतीचा नमुनाही ठरलेला. त्या चौकटीच्या आत मात्र मालकाने आपल्या पसंतीप्रमाणे दर्शनी भाग रचावा. सर्व घरे एकाच साच्यातून काढावयाची नाहीत आणि रस्त्याला विस्कळित रूपही येऊ द्यावयाचे नाही, अशा दुहेरी हेतूने ही योजना केलेली होती.

थीमच्या कामाची व्यवस्था पाहणाऱ्यांपुढे अगदी हाच प्रश्न असतो: चौकट कोठे संपावी आणि मोकळीक कोठे सुरू व्हावी? परंतु एक मोठा भेद आहे. चंदीगडच्या चौकटीमागे 1952 चा कायदा उभा होता. स्वयंसेवकांच्या चौकटीमागे कोणताच कायदा नाही. ज्याला नियम जाचक वाटेल तो उठून दुसरीकडे जातो, किंवा सगळे काम उचलून त्याची वेगळी शाखा काढतो, आणि परवान्यानुसार त्याला तसा अधिकारही असतो. म्हणून येथे चौकट टिकते ती एकाच कारणाने: ती पाळल्याने करणाऱ्याचे श्रम वाचतात.

चिन्हांच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसते. एका पूर्ण चिन्हसंचात शेकडो चित्रे लागतात, आणि प्रत्येक चित्र निरनिराळ्या आकारांत काढावे लागते. मोठे चित्र नुसते लहान केले तर रेषा पुसट होतात. एकट्या माणसाने हे सर्व पुरे करणे जवळजवळ अशक्य आहे. फ्रीडेस्कटॉप या समाईक व्यासपीठाने चिन्हसंचांसाठी जो संकेत ठरविला, त्यातील खरी सोय येथेच आहे. प्रत्येक संचासोबत एक छोटी सूची असते आणि तीत आपला संच कोणत्या संचाचा वारस आहे हे लिहिता येते. एखादे चिन्ह या संचात सापडले नाही तर प्रणाली ते त्याच्या पूर्वज-संचात शोधते, तेथेही नसेल तर ‘हायकलर’ नावाच्या सर्वांच्या मूळ संचात पाहते. याचा अर्थ असा की ज्याने चाळीसच चिन्हे काढली आहेत त्याचेही काम वापरता येते. उरलेली पूर्वजांकडून मिळतात. अपुऱ्या कामाला प्रवेश देणारा हा नियम कोणत्याही सक्तीपेक्षा परिणामकारक ठरला यात नवल नाही.

त्यावर 2005 साली टँगो प्रकल्पाने आणखी एक पायरी चढविली. तोपर्यंत ग्नोम आणि केडीई या दोन मोठ्या डेस्कटॉपांत एकाच चिन्हाला वेगवेगळी नावे होती. एकासाठी काढलेले चित्र दुसऱ्याला ओळखता येत नसे. टँगोने नावांचा समाईक कोश सुचविला, सत्तावीस रंगांचा एक रंगपट आखून दिला, आणि चिन्हाची बाह्यरेषा कशी असावी, वस्तू कोणत्या कोनातून पाहावी, हेही लिहून ठेवले. एकमेकांना कधीही न भेटलेल्या कलाकारांची चित्रे शेजारी ठेवली तर ती एकाच हातची वाटावीत, हा त्यामागील हेतू होता. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. टँगोच्या प्रवर्तकांनी इतरांना ‘सुंदर काढा’ असे सांगितले नाही. सुंदर काढा म्हणून सांगण्याचा उपयोगही नसतो. त्यांनी मोजता येतील अशा गोष्टी सांगितल्या. टँगोची ती चित्रे पुढे 2009 मध्ये सार्वजनिक स्वामित्वात सोडून देण्यात आली.

संपूर्ण प्रणालीच्या रूपाची निवड हा याहून निराळा प्रकार होय. डेबियन ही 1993 साली सुरू झालेली आणि पूर्णतः स्वयंसेवकांनी चालविलेली प्रणाली. तिची नवी आवृत्ती साधारणतः दोन वर्षांनी निघते आणि प्रत्येक आवृत्तीला नवे रूप असते. आवृत्ती गोठविण्याच्या पुष्कळ आधी आवाहन निघते, कोणीही आपला आराखडा पाठवू शकतो, आणि मग मतदान होते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अकराव्या आवृत्तीसाठी अठरा आराखडे आले होते. मतदान सर्वांना खुले होते आणि पसंतीचा क्रम लावून पाठविणाऱ्या 5,613 लोकांची उत्तरे आली. त्यात ज्युलिएट टाका यांची ‘होमवर्ल्ड’ ही थीम निवडली गेली. आठवी, नववी आणि बारावी या आवृत्त्यांची रूपेही त्यांचीच. दहावीचे रूप ॲलेक्स माकास यांचे, तर ऑगस्ट 2025 मध्ये निघालेल्या तेराव्या आवृत्तीचे ‘सेराटॉप्सियन’ हे रूप एलिस कूपर यांचे आहे. जर्मनीतील बाउहाउस चळवळीपासून ‘होमवर्ल्ड’ने स्फूर्ती घेतली होती, चंदीगडच्या घरांकडे आस्थेने पाहणाऱ्याला हे नाते परके वाटू नये.

मतदान हा या कामाचा सर्वांना दिसणारा भाग. परंतु खरे काम मतदानानंतर सुरू होते. विजेत्याने बहुधा एक पार्श्वचित्र आणि दोन-चार नमुने पाठविलेले असतात. त्यावरून यंत्र सुरू होताना दिसणारा पडदा, प्रवेशाचा पडदा, कुलूपबंद पडदा, प्रणाली बसविताना माथ्यावर दिसणारी पट्टी आणि तबकडीवरचे लेबल, एवढे सारे सिद्ध करावयाचे असते. प्रत्येकाचे माप वेगळे, प्रत्येकाच्या मर्यादा वेगळ्या. यंत्र सुरू होताना रंगांची आणि आकारांची चैन परवडत नाही. रुंद पडद्यासाठी काढलेले चित्र चौरसाकडे झुकणाऱ्या जुन्या पडद्यावर ताणले जाते. ही सगळी जोडणी करणारे हात मतपत्रिकेवर नसतात, त्यांची नावेही फारशी कोणाला ठाऊक नसतात. स्पर्धा भरविणे सोपे आहे. स्पर्धेनंतरचे सहा महिने कोण सांभाळणार हे आधी ठरवून ठेवणे कठीण, आणि ज्या संघटनांनी ते ठरविले नाही त्यांच्याकडे विजयी चित्रे तेवढी उरतात.

परवान्याचा प्रश्न याच टप्प्यावर डोके वर काढतो. हौशी कलाकार अनेकदा कोठूनतरी सापडलेले छायाचित्र पार्श्वभूमीला घेतो, किंवा एखाद्या कंपनीच्या चिन्हावरून आपले चिन्ह काढतो. त्यात त्याला काही गैर वाटत नाही. परंतु अशी एक फाईल जरी संचात शिरली तरी संपूर्ण संच वाटणे बेकायदा ठरू शकते. ‘व्यापारी उपयोगास बंदी’ अशी अट घातलेले चित्र डेबियनला मुख्य संचात घेता येत नाही, कारण तिच्या तत्त्वांनुसार कोणत्याही उपयोगाला मज्जाव करता येत नाही. शिवाय नुसते तयार चित्र पुरत नाही. ज्या रेखाटनावरून ते काढले ते मूळ रेखाटन, म्हणजे पुन्हा दुरुस्त करता येईल अशी फाईल, तीही सोबत हवी. चित्रकाराला ही अट विचित्र वाटते. पण कलाकार निघून गेल्यावर दुसऱ्या कोणाला तरी पडद्याचे नवे माप सांभाळावे लागणार असते, हे लक्षात घेतले की तिचे प्रयोजन कळते.

स्पर्धेऐवजी एकत्र बसून एकच रूप घडविण्याचा मार्ग उबुंटूने पत्करून पाहिला. ऑक्टोबर 2017 मध्ये उबुंटूने आपला स्वतःचा डेस्कटॉप सोडून ग्नोमचा स्वीकार केला, आणि नव्या डेस्कटॉपसाठी नवे रूप घडविण्याचे काम प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या हाती गेले. एप्रिल 2018 च्या आवृत्तीत हे रूप मुख्य म्हणून यावे असा बेत होता. परंतु ते पुरेसे पक्व झाले नाही असे ठरले आणि बेत पुढे ढकलला गेला. ज्यांना हवे असेल त्यांना ते वेगळे बसवून घेता येत होते, आणि त्यामुळे पुढील सहा महिने हजारो प्रकारच्या यंत्रांवर त्याची आपोआप परीक्षा झाली. ऑक्टोबर 2018 मध्ये ‘यारू’ या नावाने ते मुख्य रूप बनले. ठरलेली तारीख चुकविण्याचे धैर्य स्वयंसेवकांच्या कामात फार उपयोगी पडते. पगारदार मंडळींना ते क्वचितच परवडते.

आतापर्यंत जे सांगितले त्यावरून कोणाला वाटेल की थीम चुकली तर फार तर पडदा कुरूप दिसेल. तसे नाही. डिसेंबर 2009 मध्ये ग्नोमच्या थीमसाठी प्रसिद्ध असलेल्या एका संग्रहात धबधब्याचे चित्र दाखविणारा एक पडदा-रक्षक कोणीतरी ठेवला. तो बसविताना यंत्राचे सर्वाधिकार मागितले जात, आणि ते मिळताच दुसऱ्या यंत्रांवर मारा करण्यासाठी ते यंत्र वापरता येईल अशी आज्ञावली गुपचूप आत शिरे. मार्च 2024 मध्ये केडीईच्या संग्रहातील एक थीम बसविली असता वापरकर्त्याच्या सर्व फाईली, जोडलेल्या इतर तबकड्यांवरच्यासुद्धा, पुसल्या गेल्या. यात दुष्ट हेतू नव्हता. नव्या आवृत्तीत जुन्या आज्ञेचा अर्थ बिघडला आणि साफसफाईसाठी लिहिलेली ओळ नको तेथे चालली. केडीईमध्ये ज्याला समग्र थीम म्हणतात तीत रंग आणि चित्रे यांखेरीज चालणाऱ्या आज्ञाही असतात, ही गोष्ट सामान्य वापरकर्त्याला कोठून ठाऊक असणार? त्याने भिंतीला रंग द्यावयास माणूस बोलाविला, त्या माणसाकडे घराच्या किल्ल्या आपोआप गेल्या. ज्याने वर्षानुवर्षांची छायाचित्रे आणि कागदपत्रे एका रंगसंगतीपायी गमावली, त्याचे समाधान ‘संग्रहातील माल स्वतःच्या जोखमीवर घ्यावा’ या सूचनेने होत नाही.

या दोन घटनांनंतर व्यवस्थेचा एक धडा स्पष्ट व्हावयास हवा होता: केवळ रंग, मापे आणि चित्रे असलेली थीम एका दालनात ठेवावी, आणि जिच्यात चालणारी आज्ञावली आहे ती वेगळ्या दालनात, दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय बाहेर न जाईल अशी. तत्त्व सोपे आहे. वाचणारी माणसे मात्र थोडी असतात. थीम करणारे शंभर मिळतात, दुसऱ्याची थीम ओळ न् ओळ तपासणारे दोन मिळत नाहीत. नव्या स्वयंसेवकाला प्रथम काही काळ तपासणीचेच काम द्यावे, असा एक मार्ग आहे. तो कंटाळवाणा खरा, पण दुसऱ्याच्या चुका वाचताना तो माणूस हे काम इतर कोणत्याही प्रकारे शिकला असता त्याहून लवकर शिकतो.

दुसरा तंटा आहे तो हक्काचा. ग्नोमच्या खिडक्या ज्या साधनसंचाने काढल्या जातात त्याच्या मार्च 2016 च्या आवृत्तीत अंतर्गत रचना बदलली, आणि बाहेरच्या असंख्य थीम एका दिवसात मोडल्या. ज्यांनी दोन-तीन वर्षे खपून त्या केल्या होत्या त्यांतील कित्येकांनी काम सोडून दिले. उलट बाजूने मे 2019 मध्ये अनेक अनुप्रयोगकर्त्यांनी एक जाहीर पत्र काढले. वितरक मंडळी आमच्या अनुप्रयोगांवर न तपासता आपली थीम चढवितात, त्यामुळे बटणे दिसेनाशी होतात, चिन्हांचे अर्थ बदलतात आणि तक्रारी मात्र आमच्याकडे येतात, असे त्यांचे म्हणणे होते. एखाद्याने स्वतःच्या यंत्रावर काय वाटेल ते करावे, त्याला त्यांची हरकत नव्हती. 2021 च्या अखेरीस ग्नोमने जो नवा संच आणला त्यात बाहेरच्या थीमला वाव बहुतांशी उरला नाही. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही चौकट ज्यांनी आखली त्यांनी ती केव्हा आणि कशी बदलणार हे आधी सांगितले असते, तर 2016 मध्ये गेलेली माणसे कदाचित टिकली असती. चंदीगडमध्येही वाद शेवटी न्यायालयापर्यंत गेलाच. पहिल्या टप्प्यातील, म्हणजे सेक्टर 1 ते 30 मधील, एका कुटुंबासाठी बांधलेल्या घरांचे मजलेवार सदनिकांत रूपांतर करण्यास सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये मनाई केली. तेथे निदान निवाडा देणारा कोणी होता.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या विषयाची एक बाजू विशेष महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. बहुतेक थीम रोमन अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून केल्या जातात. रोमन अक्षराची उंची आवाक्यात असते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार चढतात आणि खाली उकार व जोडाक्षरे उतरतात. बटणाची किंवा यादीतील ओळीची उंची ठरावीक आकड्याने बांधून टाकली की ‘शीर्षक’ या शब्दाचा रफार वर कापला जातो आणि ‘मुद्रण’ या शब्दाचा उकार खाली. उंची अक्षराच्या मापाच्या प्रमाणात ठेवली तर हा दोष उद्भवत नाही. उपाय एका ओळीचा. पण ज्याने कधी देवनागरी पडदा पाहिलाच नाही त्याला तो सुचणार कसा?

अक्षरांच्या वळणाचाही प्रश्न आहे. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने 2009 च्या आदेशात मराठीची वळणे निश्चित केली. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेले आणि रेड हॅटने मुक्त परवान्याखाली खुले केलेले ‘लोहित’ हे अक्षरसंच लिनक्सवर भारतीय भाषांचा दीर्घकाळ आधार होते. संस्कृतात लोहित म्हणजे तांबडा, तेव्हा नावातील कोटी उघड आहे. त्यांत मराठीसाठी वेगळा संचही होता. परंतु एखाद्या थीमने आपल्या पसंतीचा एकच अक्षरसंच सर्व भाषांवर लादला तर ही सगळी काळजी वाया जाते आणि मराठी पडद्यावर हिंदी वळणाचा ‘ल’ उमटतो. थीमने अक्षरसंचाचे नाव न लिहिता तो निर्णय प्रणालीवर आणि भाषेवर सोडावा, हा नियम म्हणून चौकटीतच असला पाहिजे.

डेबियनच्याच पायावर सी-डॅकने 2007 साली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली काढली आणि तीत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय केली. ज्या कार्यालयांतून किंवा शाळांतून अशा प्रणाली वापरल्या जातात तेथे थीमची परीक्षा घेण्यासाठी चित्रकला यावी लागत नाही. पडद्याची भाषा मराठी करावी, अक्षर दोन पायऱ्यांनी मोठे करावे, प्रत्येक यादी आणि प्रत्येक संवादखिडकी उघडून जेथे मात्रा कापली गेली असेल किंवा शब्द अर्धवट तुटला असेल तेथील पडद्याचे चित्र घ्यावे, आणि प्रणालीची आवृत्ती, थीमचे नाव व अक्षरसंच यांची नोंद करून ते थीम सांभाळणाऱ्याकडे पाठवावे. या कामाला एक दुपार पुरते. आवृत्ती गोठविण्यापूर्वी ते पोहोचले तर दोष त्याच आवृत्तीत दुरुस्त होण्याचा संभव असतो. नंतर पोहोचले तर बहुधा पुढच्या आवृत्तीची, म्हणजे डेबियनच्या बाबतीत दोन वर्षांची, वाट पाहावी लागते.